महाराष्ट्रातील कारागृह प्रशासन

महाराष्ट्र राज्यातील तुरुंग चालवणारी, गृह विभागाच्या अखत्यारीतील यंत्रणा. अधिकृत नाव कारागृह व सुधारसेवा विभाग, मुख्यालय पुण्यात. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत तुरुंगांचा समावेश असल्याने प्रत्येक राज्याचा कारभार निराळा आहे. केंद्र सरकार आदर्श नियमावली (२०१६) किंवा आदर्श कायदा (२०२३) तयार करून राज्यांकडे पाठवते. स्वीकारायचा की नाही, हे राज्याने ठरवायचे. गोव्यात कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहात जो नियम आहे तोच सीमेपलीकडे सावंतवाडीच्या कारागृहात असेल, असे नाही.

या कारभाराचा पाया दीर्घकाळ १८९४चा ब्रिटिशकालीन तुरुंग अधिनियम हाच राहिला. त्या कायद्याचा भर शिस्तीवर होता. बेड्या आणि फटके यांची तरतूद त्यात स्वच्छ लिहिलेली आहे, सुधारणेबद्दल मात्र त्यात फारसे काही सापडत नाही. रोजचा व्यवहार चालवण्यासाठी राज्याने १९७९मध्ये स्वतःची कारागृह नियमावली केली. २०२४च्या अखेरीस विधिमंडळाने महाराष्ट्र कारागृह व सुधारसेवा विधेयक मंजूर केले. विभागाच्या पाटीवरची ‘सुधारसेवा’ अशा रीतीने कायद्याच्या नावातही आली.

विभागाचा प्रमुख भारतीय पोलीस सेवेतील अपर पोलीस महासंचालक दर्जाचा अधिकारी असतो. त्याच्या हाताखाली पश्चिम (पुणे), दक्षिण (मुंबई), मध्य (छत्रपती संभाजीनगर) आणि पूर्व (नागपूर) असे चार विभाग असून प्रत्येकाला एक कारागृह उपमहानिरीक्षक आहे. खात्यातून वर चढलेला अधिकारी सहसा या पायरीपर्यंत पोहोचतो. सर्वांत वरची खुर्ची पोलीस सेवेकडे असते. तुरुंग सुधारणांसाठी १९८०मध्ये नेमलेल्या न्या. मुल्ला समितीने तुरुंगांसाठी स्वतंत्र अखिल भारतीय सेवा असावी असे सुचवले होते. ती आजतागायत झालेली नाही.

मध्यवर्ती कारागृहे नऊ आहेत : येरवडा, मुंबई (आर्थर रोड), ठाणे, तळोजा, कोल्हापूर (कळंबा), नाशिक रोड, हर्सूल, अमरावती व नागपूर. यांखेरीज तीन वर्गांत विभागलेली जिल्हा कारागृहे, खुली कारागृहे आणि आटपाडीची खुली वसाहत यांचा कारभार विभागाकडे आहे. मुंबईतील महिला बंद्यांसाठी (कैद्यांसाठी) भायखळा, तर किशोरवयीन गुन्हेगारांसाठी नाशिकचे किशोर सुधारालय आहे. तालुक्याच्या ठिकाणची उपकारागृहे मात्र मुख्यतः महसूल आणि पोलीस यंत्रणेच्या भरवशावर चालतात. फाशीची अंमलबजावणी फक्त येरवडा आणि नागपूर येथे होते. अजमल कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात, तर याकूब मेमनला ३० जुलै २०१५ रोजी नागपुरात फाशी देण्यात आली.

एका कारागृहाचा प्रमुख अधीक्षक. त्याच्याखाली उपअधीक्षक, तुरुंगाधिकारी, सुभेदार, हवालदार आणि शिपाई अशी उतरंड आहे. मोठे कारागृह सर्कलमध्ये, सर्कल यार्डांत आणि यार्ड बराकींत वाटलेले असते. संध्याकाळी शिरगणती करून बराकींना कुलूप लागते आणि सकाळी ती पुन्हा शिरगणती करूनच उघडतात. आकडा जुळेपर्यंत पुढचे काम हलत नाही. मनुष्यबळ अपुरे असल्याने चांगल्या वर्तणुकीचे शिक्षाधीन, म्हणजे शिक्षा झालेले बंदी वॉर्डर (बराकीवर देखरेख ठेवणारे) म्हणून नेमण्याची जुनी पद्धत आहे. बराकीतला वॉर्डर कोण, यावर तिथल्या नव्या माणसाचे पहिले काही आठवडे बरेच अवलंबून असतात.

मुख्य प्रवेशद्वाराला दोन दरवाजे असतात आणि नियमानुसार ते कधीही एकाच वेळी उघडले जात नाहीत. पहिला मागे बंद झाला की दुसरा पुढे उघडतो. मधल्या जागेत झडती, नोंद, अंगावरच्या वस्तूंची यादी आणि शरीरावरच्या खुणांची टिपणे होतात. इथे आलेल्या माणसाबरोबर न्यायालयाचे वॉरंट असावे लागते, आणि बाहेर पडणाऱ्याबरोबर सुटकेचा आदेश.

या व्यवस्थेचा खरा पेच इथेच आहे. आत कोण येणार आणि बाहेर कोण जाणार, हे कारागृह ठरवत नाही. अटक पोलीस करतात, कोठडी आणि जामीन न्यायालय देते, तारखेला न्यायालयात नेण्यासाठी लागणारे पथक जिल्हा पोलिसांनी पाठवायचे असते, डॉक्टर आरोग्य खात्याचे असतात आणि इमारत सार्वजनिक बांधकाम विभाग बांधतो. पोलीस पथक आले नाही की तारीख हुकते, तारीख हुकली की मुक्काम वाढतो. दोष मात्र तुरुंगाच्या माथी येतो. दूरदृश्य सुनावणीमुळे हा त्रास कमी झाला असला, तरी संपलेला नाही.

गर्दीचे मूळही बाहेरच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीनुसार राज्यातील सुमारे ८० टक्के बंदी न्यायाधीन, म्हणजे खटला अजून संपलेला नाही असे, बोलीतले कच्चे कैदी होते. आर्थर रोडची मंजूर क्षमता बरीच वर्षे कागदोपत्री ८०४ होती आणि प्रत्यक्षात तिथे तीन हजारांच्या घरात माणसे राहत आली. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९नुसार यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने संभाव्य कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर काही अपवाद वगळता तो सुटकेस पात्र ठरतो, आणि त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याचे कर्तव्य थेट कारागृह अधीक्षकावर टाकले आहे. अधीक्षकाला स्वतःहून पाऊल उचलायला लावणाऱ्या तरतुदी विरळाच असल्याने ही महत्त्वाची मानावी लागेल.

कारागृहाच्या आत सर्वांत वजनदार दालन कोणते, असे विचारले तर शिक्षाधीन बंदी बहुधा न्यायविभागाकडे बोट दाखवतील. न्यायालयाशी त्याचा थेट संबंध नाही. हे तुरुंगाचेच कार्यालय. शिक्षा किती, तिच्यातून आधीच्या कोठडीचे दिवस किती वजा, काम आणि वर्तणुकीबद्दल मिळालेली माफी (शिक्षेतील सूट) किती, दंड भरला की नाही, हा सगळा हिशोब इथे होतो. एका नोंदीची चूक म्हणजे कुणाचे तरी काही दिवस जास्त. जामिनाचे कागदही इथूनच तपासले जातात. आर्थर रोडच्या दाराबाहेर जामीन आदेशांसाठी एक पेटी आहे. ती ठरलेल्या वेळी उघडते, आणि संध्याकाळच्या शेवटच्या वेळेनंतर टाकलेला आदेश दुसऱ्या दिवशी सकाळी हाती लागतो. २०२१मध्ये एका गाजलेल्या प्रकरणामुळे ही पेटी देशभर चर्चेत आली. पुढे मार्च २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपले आदेश इलेक्ट्रॉनिक मार्गाने पोचवणारी ‘फास्टर’ प्रणाली सुरू केली.

रजेचे नियम १९५९चे असून त्यांत वेळोवेळी बदल झाले आहेत. संचित रजा (फर्लो) ही दीर्घ शिक्षा भोगणाऱ्याला घरच्यांशी नाते टिकवता यावे म्हणून असते. तिला वेगळे कारण द्यावे लागत नाही आणि तो काळ शिक्षेत धरला जातो. अभिवचन रजा (पॅरोल) आजारपण, मृत्यू, लग्न, बाळंतपण अशा कारणासाठी मिळते आणि शिक्षेत धरली जात नाही. संचित रजा उपमहानिरीक्षक, तर नियमित अभिवचन रजा विभागीय आयुक्त मंजूर करतात. दोन्हींत गावच्या पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो, आणि अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा तिथे. वर्तमानपत्रांत दोन्हींना सरसकट पॅरोल म्हटले जाते. शिक्षेचे दिवस मोजणाऱ्याच्या दृष्टीने हा घोळ साधा नाही.

सक्तमजुरीच्या बंद्यांना कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशी वर्गवारी करून काम व वेतन दिले जाते. बंदिस्त कारागृहातली रोजची मजुरी शंभर रुपयांच्या आत राहिलेली आहे. बाहेरच्या किमान वेतनाशी तिची तुलना न केलेली बरी. येरवड्यात सुतारकाम, कापड आणि चामड्याचे कारखाने आहेत. नाशिक रोडच्या बंद्यांनी घडवलेल्या गणेशमूर्तींना दरवर्षी मागणी असते. कामाचे वाटप जातीवरून करण्याच्या निरनिराळ्या राज्यांच्या नियमावल्यांतील तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवल्या. त्या निकालात महाराष्ट्राच्या नियमांचीही चिकित्सा झाली.

खुल्या कारागृहांत महाराष्ट्र पूर्वीपासून पुढे आहे. सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर १९३९मध्ये औंध संस्थानात, भवानराव पंतप्रतिनिधींच्या काळात, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने उभे राहिले. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांनी भिंतीशिवाय शेती करावी आणि कुटुंबासह राहावे, हा तेव्हाचा प्रयोग आजही खुली वसाहत म्हणून चालू आहे. पैठण, विसापूर, मोर्शी इत्यादी ठिकाणच्या खुल्या कारागृहांत मात्र कुटुंब बरोबर ठेवता येत नाही. तिथे पाठवण्यासाठी निवड समिती असते, आणि महिनाभर काम केल्यास महिनाभराची माफी हे त्यांचे मोठे आकर्षण. पळून जाण्याची संधी रोज असूनही बहुतेक जण राहतात, याचे कारण बरेचसे या हिशोबात आहे.

महिला बंद्यांना सहा वर्षांपर्यंतचे मूल सोबत ठेवता येते. मुलांना जवळ घेता यावे म्हणून ‘गळाभेट’ उपक्रमात जाळीविना भेट घडवली जाते. १ मे २०२२ रोजी येरवड्यातून ‘जिव्हाळा’ योजना सुरू झाली : महाराष्ट्र राज्य सहकारी बँक शिक्षा भोगत असलेल्या बंद्याला ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज देते आणि हप्ते तुरुंगातल्या मजुरीतून वळते होतात. वकिलाची फी, मुलांचे शिक्षण, घरचे आजारपण अशा गरजांसाठी ते वापरता येते. सुटकेनंतरचे पुनर्वसन मात्र या विभागाच्या हाती जवळजवळ नाही. त्या कामाचे परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी महिला व बालविकास विभागाचे आहेत, त्यामुळे दोन खात्यांच्या कागदांची गाठ पडेपर्यंत सुटलेला माणूस बहुधा आपल्या गावी पोहोचलेला असतो.