इंग्रजी मोडल क्रियापदांचे माध्यमिक शाळेतील अध्यापन

इंग्रजीत मुख्य क्रियापदाला शक्यता, परवानगी, बंधन, सल्ला, अंदाज अशा छटा देणाऱ्या कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट या नऊ सहायक क्रियापदांना मोडल म्हणतात. ऑट टू, नीड आणि डेअर यांची गणना काहीशी काठावर होते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी शिकवले जात असल्याने मराठी माध्यमातील मूल वर्गाच्या दाराशी ‘मे आय कम इन?’ असे विचारताना नकळत मोडल वापरत असते. व्याकरणाचा घटक म्हणून त्यांचा बारकाईने विचार मात्र माध्यमिक वर्गांत होतो.

रूपे सोपी आहेत. तृतीयपुरुषी एकवचनात ‘एस’ लागत नाही आणि पुढचे क्रियापद मूळ रूपातच राहते. तरीही आधीच्या इयत्तांत घोटून घेतलेल्या सवयीमुळे ‘शी कॅन सिंग्ज’, ‘मस्ट टू गो’ यांसारख्या चुका वह्यांत दिसतात. ‘कॅन एबल टू’ ही तर प्रौढांच्याही तोंडी रुळलेली चूक आहे.

खरी अडचण अर्थाची आहे. ‘कॅन म्हणजे शकणे, मस्ट म्हणजे पाहिजे’ अशी जोडी पाठ करून घेतली, तर ती नकारार्थी वाक्यात हमखास फसते. ‘उद्या यायला पाहिजे’ याचा नकार मराठीत ‘उद्या यायला नको’ असा होतो आणि त्यात केवळ गरज नसल्याचे सांगितलेले असते. विद्यार्थी त्याचे ‘यू मस्ट नॉट कम’ करतो, तेव्हा त्याची मनाई होऊन बसते. मनाईसाठी मराठीत ‘येता कामा नये’ हे रूप आहे, तर गरज नसल्याचे सांगायला इंग्रजीत ‘नीड नॉट’ किंवा ‘डोन्ट हॅव टू’ आहे. हा भेद मराठीतूनच दाखवला तर तो लवकर उमगतो.

इतरत्र मराठी थेट साथ देते. ‘तो घरी असला पाहिजे’ हे वाक्य प्रसंगानुसार बंधन सांगते किंवा अनुमान, आणि ‘मस्ट’चेही नेमके तसेच आहे. ‘जरा खिडकी उघडाल का?’ यातले भविष्यकाळी रूप विनंतीचे आहे हे मुलांना उपजत कळते. त्यामुळे ‘वुड’ आणि ‘कुड’ हे केवळ भूतकाळाचे शब्द नव्हेत, हे पटवायला याहून चांगला आधार नाही.

ब्रिटिश भाषातज्ज्ञ डी. ए. विल्किन्स यांनी १९७६ मध्ये विनंती, परवानगी, सल्ला अशा भाषिक कार्यांभोवती अभ्यासक्रम रचण्याची कल्पना विस्ताराने मांडली. या पद्धतीत एकेका मोडलची अर्थयादी न देता एकच काम निरनिराळ्या मोडलनी कसे साधते आणि प्रत्येक वेळी आदर किंवा आग्रह किती बदलतो, हे संवादांतून शिकवले जाते. वर्गातील नियम, दवाखान्यातला सल्ला, हरवलेल्या वस्तूविषयीचे तर्क हे त्यासाठी सोयीचे प्रसंग ठरतात.

परीक्षेचा साचा या पद्धतीच्या आड येतो. बारावीच्या प्रश्नपत्रिकेतही सुट्या वाक्यातील मोडल बदलून ‘बंधन’ किंवा ‘शक्यता’ दाखवायला सांगतात, आणि त्या सवयीचे सावट खालच्या वर्गांवर पडते. ‘शी मे लीव्ह टुमॉरो’ हे वाक्य एकटेच समोर ठेवले, तर तिला जायची परवानगी मिळाली आहे की ती कदाचित जाणार आहे, हे ठरवायला विद्यार्थ्यापाशी कोणताच आधार नसतो.