कीटकनाशकं आणि मेंदू: उशिरा विचारलेला प्रश्न

कीटकनाशकांचा मेंदूवर परिणाम होतो का, ही चर्चा आजची वाटते. पण यातली बरीच औषधं मुळात किडीच्या मज्जासंस्थेवर घाला घालण्यासाठीच बनली आहेत.

डिसेंबर १९३६ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ गेरहार्ड श्राडर याने किडीवरचा उपाय शोधताना एक फॉस्फरसयुक्त संयुग तयार केलं. पुढच्याच महिन्यात त्याचा एक थेंब प्रयोगशाळेत सांडला. श्राडर आणि त्याच्या सहायकाच्या डोळ्यांच्या बाहुल्या आकसल्या, श्वास लागला. हे संयुग म्हणजे टाबून. लष्कराने ते रासायनिक अस्त्र म्हणून ताब्यात घेतलं. श्राडरनेच पुढे शोधलेलं पॅराथिऑन मात्र शेतात गेलं. दोन्ही एकाच घराण्यातली, ऑर्गॅनोफॉस्फेट.

मज्जातंतूचा निरोप पोचला की तो नेणारं रसायन, अ‍ॅसिटिलकोलीन, मोडून टाकणारं एक विकर (एन्झाइम) असतं. ही औषधं त्यालाच निकामी करतात. मग निरोप थांबतच नाही: लाळ, घाम, स्नायूंची थरथर, शेवटी श्वास बंद. हे लगेच दिसतं, म्हणून डॉक्टरांचं आणि कायद्याचं लक्ष बराच काळ तीव्र विषबाधेवरच राहिलं. रोज थोडं थोडं अंगात जाणाऱ्याचं काय होतं, हे कोण बघणार?

१९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गर्शन आणि शॉ या संशोधकांनी या औषधांशी दीर्घकाळ संपर्क आलेल्या १६ जणांमध्ये नैराश्य, विस्मरण, भ्रम अशा तक्रारी नोंदवल्या. तुलनेला दुसरा गट नसल्याने त्यावर टीका झाली, ती रास्तच होती. पण नोंद तिथेच पडून राहावी इतकी ती क्षुल्लक नव्हती. ब्रिटनमध्ये अंगावरची कीड मारायला मेंढ्यांना याच घराण्यातल्या औषधाच्या पाण्यात बुडवणाऱ्या शेतकऱ्यांची तपासणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. इथे तुलनेला दगडखाणीतले कामगार होते, आणि शेतकरी लक्ष एकाग्र करण्यात मागे पडले.

मेक्सिकोच्या याकी खोऱ्यातला १९९८ मधला अभ्यास लहान, पण विसरता न येणारा. चार-पाच वर्षांच्या मुलांना माणसाचं चित्र काढायला सांगितलं. फवारणी फारशी नसलेल्या डोंगरपायथ्याच्या मुलांनी डोकं, धड, हातपाय काढले. खोऱ्यातल्या अनेकांच्या कागदावर नुसत्या रेघोट्या. अर्थात, एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

त्यानंतर लक्ष गर्भावस्थेकडे वळलं, आणि क्लोरपायरिफॉस हे याच घराण्यातलं कीटकनाशक वादात सापडलं. युरोपीय संघाने २०२० मध्ये त्याची मंजुरी काढून घेतली. अमेरिकेत अन्नपिकांवरचा वापर २०२१ मधल्या आदेशाने थांबला. २०२३ मध्ये न्यायालयाने तो आदेशच रद्द केला.