अँकरिंग परिणाम

एखाद्या गोष्टीचा अंदाज बांधण्याआधी जो आकडा कानावर किंवा नजरेस पडतो, त्याच्याकडे आपला अंदाज ओढला जातो. या प्रवृत्तीला निर्णयाच्या मानसशास्त्रात अँकरिंग परिणाम म्हणतात. इंग्रजीत 'अँकर' म्हणजे जहाजाचा नांगर, त्यावरून हा शब्द आला आहे. शेतातल्या नांगराशी त्याचा संबंध नाही. नांगर टाकलेले जहाज दोरखंडाच्या लांबीइतके इकडेतिकडे हलते, पण फार दूर जात नाही. अंदाजाचेही तसेच होते. माणूस ऐकलेल्या आकड्यापासून सरकतो, मात्र पुरेसा सरकत नाही. बाजारभाव, पगार, दंड, जमिनीची किंमत, पुराच्या पाण्याची उंची, जिथे जिथे अंदाज आकड्यात सांगावा लागतो तिथे हा परिणाम दिसतो.

मानसशास्त्रज्ञ ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७४ साली 'सायन्स' या नियतकालिकात हा परिणाम ठळकपणे मांडला. त्यांच्या प्रयोगातले आकड्यांचे चाक फिरवल्यावर १० किंवा ६५ याच आकड्यावर थांबेल अशी आतून सोय केलेली होती. चाक थांबले की विचारले जाई, संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांत आफ्रिकी देशांचे प्रमाण या आकड्यापेक्षा जास्त की कमी, आणि नेमके किती टक्के? ज्यांना १० दिसले त्यांच्या उत्तरांचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातले मधले उत्तर, २५ आला, ज्यांना ६५ दिसले त्यांचा ४५. चाकाचा आणि आफ्रिकेचा काडीचाही संबंध नाही, हे समोर दिसत असूनही असे घडले. दुसऱ्या प्रयोगात ८ पासून १ पर्यंतच्या अंकांचा गुणाकार पाच सेकंदांत अंदाजाने सांगायचा होता. ८×७×६ असा उतरता क्रम पाहणाऱ्यांचा मध्यक २,२५० होता, तर १×२×३ असा चढता क्रम पाहणाऱ्यांचा फक्त ५१२. खरे उत्तर ४०,३२०.

अशक्य आकडाही ओढ लावतो. जर्मनीत फ्रिट्झ स्ट्राक आणि थॉमस मुसवायलर यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काहींना विचारले, महात्मा गांधींचे निधन वयाच्या ९ वर्षांआधी झाले की नंतर? इतरांना हाच प्रश्न १४० वर्षे धरून विचारला. पहिल्या गटाचा सरासरी अंदाज ५० वर्षांच्या आसपास आला, दुसऱ्याचा ६७ च्या आसपास. गांधीजींचे वय मृत्यूसमयी ७८ होते. जाणकारही सुटत नाहीत. अमेरिकेतील टूसॉन शहरात १९८७ च्या अभ्यासात घरांचे व्यवहार करणाऱ्या दलालांना प्रत्यक्ष घर दाखवून कागदपत्रे दिली. फक्त मागणीची किंमत प्रत्येक गटाला वेगळी छापून दिली होती. मूल्यांकन त्या किमतीकडे झुकले, पण आपण तिचा विचार केला असे त्यांतल्या थोड्यांनीच सांगितले. या विषयातला सर्वांत अडचणीचा भाग हाच आहे: ओढ बसते, पण जाणवत नाही.

असे का घडते, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले अपुऱ्या सरकण्याचे: माणूस आकड्यापासून निघतो आणि 'चालेल' अशी पहिली जागा आली की थांबतो. आकडा त्याने स्वतःच धरलेला असेल तर हे स्पष्टीकरण जास्त लागू पडते. दुसरे आठवणींचे: 'ही हळद क्विंटलला १८,००० च्या वर जाईल का?' असा प्रश्न पडला की मन तो दर खरा ठरवणाऱ्या गोष्टी आधी गोळा करते. लांब हळकुंड, कापल्यावरचा गर्द रंग, कमी ओलावा. 'जाईल का १०,००० च्या खाली?' असे विचारले तर त्याच पोत्यातली कणी आणि गड्डे आठवतात. माल तोच असतो, पण मनात जमा झालेला पुरावा बदलतो. समोरच्याने दिलेल्या आकड्याच्या बाबतीत हे दुसरे स्पष्टीकरण अधिक पटण्यासारखे आहे, आणि उपायाची दिशाही त्यातूनच मिळते.

सांगलीच्या बाजारात याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे मुहूर्ताचा सौदा. नव्या हंगामाची हळद किंवा बेदाणा आला की पूजा होऊन पहिल्या ढिगाला मानाचा दर मिळतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तोच मथळ्यात येतो. तो निवडक मालाचा आणि थोडा समारंभाचा दर असतो, पण घरात पोती रचून ठेवलेल्या शेतकऱ्याच्या डोक्यात तोच आकडा बसतो. पुढे महिनाभर आलेला प्रत्येक दर त्याला 'पडलेला' वाटतो. बाजार समितीच्या दरपत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन रकाने असतात. आपल्या मालाची तुलना सर्वसाधारण रकान्याशी करायची असते. कमाल दर एखाद्याच ढिगाला मिळालेला असू शकतो.

थांबण्याचा खर्च याच ओढीमुळे हिशेबाबाहेर राहतो. समजा सर्वसाधारण दर १३,००० रुपये क्विंटल आहे आणि चार महिने थांबायचे आहे. महिना १ टक्का दराने व्याज ५२० रुपये झाले. वाळून २ टक्के तूट धरली तर आणखी २६० रुपये. म्हणजे गोदामभाडे सोडूनही साधारण १३,८०० च्या वर दर गेला तरच थांबण्यात काही मिळाले. हा आकडा घरी, सौद्याच्या आदल्या दिवशी काढून कागदावर लिहावा. यार्डात गेल्यावर काढला तर तो आधीच्या दुकानात नुकत्या ऐकलेल्या बोलीभोवती फिरतो.

द्राक्षाचा व्यवहार याहून कठीण, कारण माल थांबत नाही. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागात व्यापारी बागेत येऊन चार किलोच्या पेटीवर दर बोलतो. आभाळ भरून आले असेल तर पहिला आकडा बहुधा खालचा असतो आणि पुढची सगळी घासाघीस त्याच्या आसपास होते. पहिला प्रस्ताव मांडणाऱ्याला सरासरी फायदा होतो, हे गॅलिन्स्की आणि मुसवायलर यांनी २००१ मध्ये दाखवले. त्याच अभ्यासात त्यावरचा उताराही सापडला. समोरच्याचा आकडा ऐकल्यावर आपले लक्ष्य काय किंवा हा सौदा फिसकटला तर समोरच्याकडे दुसरा कोणता पर्याय उरतो, याचा विचार करणाऱ्यांवर पहिल्या आकड्याचा जोर उरला नाही. बागायतदारासाठी याचा अर्थ असा की मण्यांत साखर भरल्यावर, व्यापारी येण्याआधी, आपला दर आणि शेवटचा दर दोन्ही ठरवावेत. शक्य असेल तर आकडा आपणच आधी बोलावा. नेमका आकडा गोल आकड्यापेक्षा घट्ट बसतो, असेही २००८ च्या एका अभ्यासात आढळले आहे. २०० म्हटले की समोरचा मोठ्या टप्प्याने खाली येतो. २१२ म्हटले तर लहान टप्प्याने.

पैशाच्या व्यवहारात चूक झाली तर हंगाम जातो. पुराच्या अंदाजात ती जिवावर येऊ शकते, म्हणून सांगलीसाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा. कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजतात. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २००५ च्या पुरात पाणी ५४ फुटांच्या आत राहिले. त्या पुराची रेघ लोकांच्या भिंतींवर आणि मनात उमटली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये 'दोन हजार पाचला इथवर आलं नव्हतं, आता कशाला येतंय' या भरवशावर अनेक कुटुंबे घरातच थांबली. काहींनी सामान जुन्या रेघेच्या थोडे वर चढवून ठेवले. पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. अमेरिकी भूगोलतज्ज्ञ रॉबर्ट केट्स यांनी १९६२ मध्येच पूरमैदानात राहणाऱ्यांबद्दल हे नोंदवले होते: नुकताच अनुभवलेला पूर ही लोकांच्या लेखी नुकसानीची वरची मर्यादा ठरते. काटेकोर बोलायचे तर यात अँकरिंगसोबत आठवणीतली ठळक घटना अधिक संभाव्य वाटण्याचा परिणामही मिसळलेला असतो. रेघेपासून पुरेसे वर न सरकणे एवढा भाग मात्र निखळ अँकरिंगचा. २०२१ चा पूर २०१९ च्या खाली राहिल्याने आता नवी रेघ अधिकच पक्की झाली आहे, आणि ती जुन्या रेघेइतकीच फसवी आहे.

सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर अशा आधी पाणी येणाऱ्या वस्त्यांत उपयोगी पडणारा आकडा वेगळा असतो: पुलाजवळ किती फूट झाले की आपल्या उंबऱ्याला पाणी लागते. तो मागच्या पुरांच्या नोंदींवरून काढून दाराआड लिहावा. पुलावरचे ५० फूट म्हणजे घरात ५० फूट नव्हे, आणि नदीच्या वरच्या-खालच्या अंगाला हे नाते बदलते, म्हणून लांबच्या गावाचा आकडा आपल्याला लावू नये. सामान कुठे ठेवायचे हे ठरवताना सर्वांत मोठ्या माहीत पुरावर किमान तीन-चार फूट धरावेत. २००५ आणि २०१९ यांच्यातला फरकच तेवढा आहे. निघण्याची पातळी उन्हाळ्यात ठरवावी. जनावरे असतील तर ती आधी हलवावी लागतात, त्यामुळे त्यांची पातळी माणसांच्या पातळीपेक्षा खाली ठेवावी.

'पहिल्या आकड्याने फसू नका' एवढे सांगून भागत नाही. प्रयोगांत आधी सावध केले, अचूक उत्तराला बक्षीस ठेवले, तरी दिलेल्या आकड्याची ओढ बरीचशी तशीच राहिली. काम करतो तो उलट पुरावा. हा आकडा चुकीचा का असू शकेल, याची कारणे मांडायला लावल्यावर ओढ कमी झाल्याचे २००० साली जर्मनीत मोटारींच्या जाणकारांवर केलेल्या अभ्यासात दिसले. कारणे मनात ठेवू नयेत, मोठ्याने बोलावीत किंवा लिहावीत. अनेकांचा अंदाज घ्यायचा असेल, मग ती ग्रामसभा असो की सोसायटीची बैठक, प्रत्येकाने आधी चिठ्ठीवर आकडा लिहावा आणि मगच चर्चा सुरू करावी. नाहीतर सरपंच किंवा अध्यक्ष जो आकडा बोलतील तोच सगळ्यांचा होतो.

ओढ किती हे वर्गात मोजता येते. साधारण तीस-तीस विद्यार्थ्यांचे तीन गट करावेत. पहिल्याला काहीही न सांगता कोयना धरणाच्या उंचीचा अंदाज मीटरमध्ये लिहायला सांगावे. त्या उत्तरांच्या चढत्या क्रमात १५ टक्क्यांवर येणारा आकडा खालचा नांगर आणि ८५ टक्क्यांवरचा वरचा नांगर धरावा. ही रीत जॅकोविट्झ आणि कानेमन यांनी १९९५ मध्ये मांडली. मग उरलेल्या दोन गटांना एकेक नांगर देऊन आधी 'यापेक्षा जास्त की कमी' आणि नंतर 'नेमकी किती' असे विचारावे. समजा नांगर ४० आणि २४० मीटर निघाले आणि दोन गटांचे मध्यक ७० व १५० आले. मध्यकांतील फरक ८०, नांगरांतील फरक २००, म्हणून ओढीचा निर्देशांक ८० भागिले २००, म्हणजे ०.४०. शून्य म्हणजे ओढ नाही, एक म्हणजे दिलेल्या आकड्यावरच थांबणे. सरासरीऐवजी मध्यक घ्यावा, कारण एखाद्याने ५,००० लिहिले तरी सरासरी बिघडते. दोन गट एकाच बाकावर बसवले तर शेजारच्याची चिठ्ठी वाचली जाते आणि दोन नांगर एकमेकांत मिसळतात. ज्याला खरी उंची, सुमारे १०३ मीटर, पाठ आहे त्याची चिठ्ठी बाजूला काढावी. कोयनानगर किंवा पाटणच्या शाळेत हा प्रश्न निरुपयोगी ठरण्याची शक्यता असल्याने तिथे दूरच्या एखाद्या धरणाची उंची विचारावी.