प्रोटियसमधील लिंगनिश्चिती, प्रथिनांवरून

गुहांतील पाण्यात राहणाऱ्या प्रोटियस (ओल्म) या सॅलमँडराचा, म्हणजे शेपटी असलेल्या उभयचराचा, नर कोणता व मादी कोणती, हे प्राण्याला न मारता रक्तातील प्रथिनावरून ठरविण्याची पद्धत. निसर्गशास्त्रज्ञ लॉरेंटी यांनी १७६८ मध्ये वर्णिलेली ही जाती ईशान्य इटलीपासून हर्झेगोव्हिनापर्यंतच्या चुनखडी प्रदेशात आढळते. भारतातील सॅलमँडर पूर्व हिमालय व ईशान्येकडील डोंगरांपुरतेच असल्याने विदर्भातील अभ्यासकाला उभयचर म्हणजे मुख्यतः बेडूकच. पहिल्या जोरदार पावसानंतर नागपूरच्या आसपासच्या डबक्यांत पिवळाधमक होऊन निळे स्वरकोश फुगवणारा बुलफ्रॉगचा नर काठावरूनच ओळखता येतो. प्रोटियसची तशी सोय नाही. नर-मादी दोन्ही फिकट, डोळे त्वचेखाली, क्लोम (कल्ले) लाल व आयुष्यभर टिकणारे. विणीच्या काळात नराचा अवस्कराजवळचा (मल, मूत्र व जननपेशी बाहेर पडण्याच्या सामाईक मार्गाजवळचा) भाग किंचित फुगतो आणि मादीच्या पोटाच्या पातळ त्वचेतून अंडी मण्यांसारखी दिसतात, इतकेच. एरवी शवविच्छेदन करून जननग्रंथी पाहाव्या लागत.

गुणसूत्रांचा प्रश्न वादाचा आहे. प्रोटियस व त्याचा अमेरिकेतील आप्त नेक्ट्युरस या दोघांतही गुणसूत्रे ३८. मात्र नेक्ट्युरसमध्ये एक्स व वाय या लिंगगुणसूत्रांतील फरक स्पष्ट असून प्रोटियसमध्ये तो दिसत नाही. त्यामुळे प्रोटियसला लिंगगुणसूत्रेच नसावीत, असा समज होऊ शकतो. २०१६ मधील अभ्यासानुसार नेक्ट्युरससारखे वाय गुणसूत्र प्रोटियसमध्ये दुसऱ्या एका गुणसूत्राला कायमचे जोडले गेले असावे व त्यामुळे जोडीतील फरक पुसला गेला असावा. पट्टरंजनाचा (गुणसूत्रे रंगवून त्यांवरील पट्टे पाहण्याचा) पुरावा पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि ती तपासणी आतड्याच्या व वृषणाच्या ऊतींवर झाली होती, म्हणजे जिवंत प्राण्याची लिंगओळख त्यातून साधत नाही.

म्हणून लक्ष व्हायटेलोजेनिन या रक्तातील प्रथिनाकडे वळले. अंड्यातील पीतकाचे (बलकाचे) हे पूर्वद्रव्य इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या प्रभावाने यकृतात तयार होते व रक्तावाटे अंडाशयात पोहोचते. स्लोव्हेनियातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रोटियसमधील या प्रथिनाचे वर्णन करून बंदिवासातील एका मादीत त्याचे प्रमाण कसे बदलते, हे मांडले. विद्युतसंचारणात, म्हणजे विजेच्या साहाय्याने प्रथिने जेलमधून सरकवून आकारानुसार वेगळी करताना, रेणू मोठा असल्याने तो जेलच्या वरच्या भागातच रेंगाळतो व तेथे पट्टीसारखा दिसतो. नागपुरात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिके केलेल्याला ती पट्टी वाचणे अवघड जाऊ नये. या पद्धतीला लावले जाणारे ‘अपायरहित’ हे विशेषण मात्र जपून घ्यावे: सुई टोचावीच लागते.

पट्टी दिसली तर मादी, हा निष्कर्ष बहुधा खरा. अपवाद इस्ट्रोजेनसदृश प्रदूषकांचा. अशा पाण्यात नर माशांच्या रक्तातही हे प्रथिन आढळते, आणि चुनखडीतून सांडपाणी सहज झिरपते. पट्टी न दिसणे त्याहून संदिग्ध. प्रोटियस सुमारे १५ वर्षांनी वयात येतो व मादी सरासरी १२.५ वर्षांतून एकदा अंडी घालते. अंड्यांची तयारी नसलेल्या मधल्या काळात घेतलेल्या एकाच नमुन्यावरून ‘नर’ अशी नोंद करणे घाईचे ठरते.