सरकीचा कापूस, सावरीचा कापूस

चैत्र-वैशाखात चोपडा, यावल, शिरपूरकडच्या सातपुड्यात काटेसावरीची बोंडं तडकतात आणि कापूस वाऱ्यावर सुटतो. खाली तापीकाठच्या काळ्या रानातला कापूसही याच कुळातला, म्हणजे भेंडी-अंबाडीच्या कुळातला. तरी दोन्हींचे धागे वेगळे. सरकीवरचा प्रत्येक तंतू ही बीच्या सालीवरची लांबत गेलेली एकच पेशी असते. सावरीचा तंतू फळाच्या आतल्या भिंतीवर उगवतो, बी त्यात नुसती गुंतलेली. म्हणून सावरीची बी हातानं झटकली तरी सुटते, सरकी सोडवायला मात्र जिनिंग लागतं.

हे कुळ आज चार हजारांहून जास्त जातींचं आहे, पण पूर्वी ते इतकं मोठं नव्हतं. १७८९ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ज्युसिय यांनी भेंडीचं कुळ मांडलं. पुढं दोनेकशे वर्षं सावर, कढई आणि धामण या झाडांची कुळं त्यापासून वेगळी धरली गेली. परागकोशाला कप्पा एक की दोन, असल्या खुणांवर ही वाटणी होती. डीएनएचा अभ्यास सुरू झाल्यावर ती टिकली नाही, आणि १९९८ च्या नव्या वर्गीकरणात चारही कुळं एकत्र आली.

त्यामुळं बी पसरवण्याच्या तऱ्हाही एकाच घरात जमल्या. धामणीची गोड फळं पाखरं खातात. वनभेंडीच्या फळाला आकडे असतात, ते गुरांच्या अंगाला आणि आपल्या धोतराला सारखेच चिकटतात. बाळगुटीतली मुरुडशेंग पिळलेल्या पाच फाकांची. वाळली की उकलते आणि बारीक बिया सांडतात. कढईच्या पाच फाकांवर मात्र खाजरी लव असते. पांढऱ्या खोडाच्या या झाडाचा डिंक सगळ्यांना हवा, फळाला कोणी हात लावत नाही.

कापसाची गोष्ट यात सगळ्यात लांबची. बऱ्याच रानटी कापसांच्या बीवरची लव आखूड आणि तपकिरी असते, ती वाऱ्यावर फारशी उडण्यासारखी नाही. कातता येईल असा लांब धागा आपल्या देशी कापसाच्या आफ्रिका-आशियातल्या गोतात आला. कापसाची बी खाऱ्या पाण्यातही बराच काळ तग धरते. या गोतातल्या कुणाची तरी बी समुद्र ओलांडून अमेरिकेत पोहोचली असावी, असं मानतात. १० ते २० लाख वर्षांपूर्वी तिचा तिथल्या रानटी कापसाशी संकर झाला आणि २६ च्या जागी ५२ गुणसूत्रांचा कापूस तयार झाला.

जरीला, विरनार ही खानदेशातली जुनी वाणं देशी, २६ गुणसूत्रांची. २००२ नंतर आलेलं बीटी ५२ वालं, अमेरिकन गोताचं. पण त्याची निम्मी गुणसूत्रं त्या जुन्या गोताकडून आलेली आहेत, तेव्हा ते देशीला अगदीच परकं नाही.