शेअर बाजार पडला की रुपया का घसरतो, आणि येन का वधारतो?

२३ मार्च २०२०, सोमवार. कोरोनाच्या धास्तीने सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक कोसळला. त्याच दिवशी डॉलर पहिल्यांदाच ७६ रुपयांच्या वर गेला. हा योगायोग नव्हता.

परकीय गुंतवणूकदाराने शेअर विकले की त्याच्या हाती रुपये येतात. ते मायदेशी न्यायचे तर आधी डॉलर घ्यावे लागतात. सगळेच एकदम डॉलर मागू लागले की त्याचा भाव चढणारच. त्या मार्चमध्ये परकीयांनी आपल्या शेअर बाजारातून सुमारे ६२ हजार कोटी रुपये काढून घेतले.

त्यांची घाई समजून घ्यायची तर थोडा हिशेब करू. समजा, कुणी ७१ च्या भावाने एक लाख डॉलर आणले आणि ७१ लाखांचे शेअर घेतले. बाजार ३० टक्के पडला. उरले ४९ लाख ७० हजार. आता डॉलर ७६ ला. हाती आले जेमतेम ६५,४०० डॉलर. शेअरमध्ये ३० टक्के गेले होते, डॉलरमध्ये जवळपास ३५ टक्के गेले. रुपया आणखी घसरेल या भीतीने मग इतरही विकायला काढतात, आणि त्या विक्रीनेच तो आणखी घसरतो.

यावरून शेअर बाजार पडला की चलनही पडते, असा नियम मात्र काढता येत नाही. जपानकडे पाहा. ५ ऑगस्ट २०२४ ला तिथला निक्केई निर्देशांक १२.४ टक्के आपटला, आणि येन उलट वधारला. जुलैत एका डॉलरला १६१ च्या घरात येन मोजावे लागत, ते आता १४२ च्या आसपास पुरू लागले. जपानमध्ये व्याज नगण्य, म्हणून जगभरचे लोक येनमध्ये कर्ज काढून पैसा इतरत्र गुंतवत होते. जपानच्या मध्यवर्ती बँकेने ३१ जुलैला व्याजदर वाढवला, पाठोपाठ अमेरिकेतून रोजगाराचे निराशाजनक आकडे आले, आणि कर्जफेडीसाठी येन खरेदीची झुंबड उडाली. येन महागला की टोयोटासारख्या निर्यातदारांना डॉलरच्या कमाईचे येन कमी मिळतात, म्हणून त्यांचे शेअर पडतात. इथे चलनानेच बाजाराला खाली ओढले. मला या विषयातला सर्वात मोलाचा धडा हाच वाटतो: कोण कुणाला ओढतो आहे, हे दर वेळी तपासावे लागते.

कधी कधी तर ही ओढ दिसतच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये परकीयांनी आपल्याकडे सुमारे ९४ हजार कोटींचे शेअर विकले, सेन्सेक्स जवळपास सहा टक्के उतरला, पण रुपया ८४ च्या आसपासच राहिला. कारण रिझर्व्ह बँक स्वतःजवळचे डॉलर बाजारात विकत होती. सप्टेंबरअखेर ७०५ अब्ज डॉलरच्या घरात असलेली परकीय गंगाजळी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात ६५७ अब्जांच्या आसपास आली. त्यातली काही घट गंगाजळीतल्या इतर चलनांचे डॉलरमधले मोल उतरल्यामुळेही होती.