घरगुती मसाला (इंदूर)

खडे मसाले निवडून, उन्हात वाळवून, भाजून किंवा तेलात परतून घरीच कुटण्याची वा दळण्याची रीत. अठराव्या शतकात होळकरांच्या राज्याबरोबर मराठी कुटुंबे माळव्यात आली. त्यांच्या स्वयंपाकघरात गोडा मसाला टिकला आणि पोह्यांवर भुरभुरायचे माळवी जीरावनही त्याच्या शेजारच्या बरणीत आले.

हे काम पाऊस लागण्याआधी, कडक उन्हात उरकतात. खडा माल इंदूरच्या सियागंज बाजारपेठेत किंवा राजवाड्याजवळच्या मारोठिया बाजारात मिळतो. धन्यांसाठी गुणा जिल्ह्यातले कुंभराज नावाजलेले, तर लाल मिरचीची मोठी मंडी निमाडात, खरगोन जिल्ह्यातल्या बेडियाला आहे.

मसाल्याचा वास त्यातल्या उडून जाणाऱ्या तेलांत असतो. दाणा अख्खा असेतो ती आत कोंडलेली राहतात. पूड झाली की हवा लागून वास उतरू लागतो. लवंगेत हे तेल भरपूर, त्यात मुख्यतः युजेनॉल हा उग्र वासाचा घटक, म्हणून दोन-चार लवंगाही पुरतात. धन्यांत ते जेमतेम एक टक्का किंवा त्याहून कमी, म्हणून धने ताजेच कुटलेले बरे. शिवाय अख्ख्या दाण्यात खडा, काडी, कीड डोळ्यांना दिसते. तयार पुडीत काय मिसळले आहे ते कळत नाही.

खरी कसोटी भाजण्यात. दालचिनीला वेळ लागतो आणि शहाजिरे क्षणात करपते, त्यामुळे सगळे एकदम कढईत टाकणे ही मोठी चूक. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आंचेवर. दगडफूल थेंबभर तेलात परततात. नावात फूल असले तरी ते फूल नव्हे, बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून झालेले लायकेन. गोड्या मसाल्याचा गडद रंग खोबरे आणि तीळ खमंग भाजल्याने येतो. हे दोन्ही तेलकट असल्याने शेवटी घालतात, नाहीतर पुडीऐवजी लगदा होतो. आणि खोबरे जास्त झाले तर मसाला लवकर खवट होतो.

खलबत्त्यात कुटताना मसाला फारसा तापत नाही, तेल जागेवर राहते. मिक्सर मात्र पटकन गरम होतो. म्हणून थांबत थांबत फिरवावा, आणि भाजलेले जिन्नस पूर्ण गार झाल्यावरच. हळकुंडे दगडासारखी कठीण, ती चक्कीवरच पिसवून आणावीत.

जीरावनात भाजलेले जिरे, धने, बडीशेप, मिरे, लवंग, सुंठ आणि हिंग असते. काळे मीठ व आमचूर न भाजता शेवटी मिसळतात. या दोघांना हवेतला ओलावा चटकन धरतो आणि पावसाळ्यात बरणीत गोळे होतात, त्यामुळे जीरावन वर्षाचे करून ठेवत नाहीत. महिनाभर पुरेल एवढेच कुटतात.